समजा सर

आमच्या दवाखान्यातले भुलीचे डॉक्टर पाठीत सुई टोचण्याआधी बाईला सांगतात, "मला भीती वाटतीय."

हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिथं सिस्टर आहे आणि ते वाक्य मी रोज ऐकते. सिझरची बाई टेबलावर पाठ वाकवून, हनुवटी छातीला टेकवून बसलेली असते. एसीचा गार वारा, अंगावर हिरवं कापड. ती आधीच थरथरत असते. तिचे खांदे धरून मी पुढं उभी असते आणि मागून अगदी शांत आवाज येतो, उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगावं तसा:

"मला भीती वाटतीय. तुमाला?"

"व्हय," बाई म्हणते.

"बरं झालं. मग दोघं मिळून जपून करू."

भुलीचा डॉक्टरच असं बोलतोय म्हटल्यावर बाईची वाचा बसते. ती भानावर येईपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असते.

माळशिरसकडची एक धिप्पाड बाई मात्र गप्प बसली नाही. मान वळवून म्हणाली, "मग तुमी बसा हितं, मी टोचते. आमच्यात म्हशीला मीच टोचती की." सर खरंच विचारात पडले. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या मॅडम हात धुता धुता ओरडल्या, "सर, पेशंटला धीर द्यायचा असतो हो!"

"मॅडम," सर म्हणाले, "ज्याला कशाचीच भीती वाटत न्हाय असा ड्रायवर असलेल्या एस्टीत तुमी बसाल का?"

मॅडम पुन्हा हात धुवायला लागल्या. त्यांच्या जागी मी असते तर उत्तर दिलं असतं. मी मंगळवेढ्याकडची आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. माझी बी.एस्सी. नर्सिंगची पदवी चौकटीत घालून देवांच्या रांगेत लावलीय आणि आई सणासुदीला तिच्या काचेलाही कुंकू लावते. शिकलेल्या माणसानं घाबरायचं नसतं, पुस्तकात आहे तसं वागायचं, असं माझं सरळ मत होतं. इथं तर माझ्यापेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेला माणूस पंख्याखाली बसायला घाबरत होता.

त्यांचं नाव डॉक्टर मल्लिनाथ. अक्कलकोटकडचे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि घाबरले की दोन्ही एकदम. पण मल्लिनाथ हे नाव फक्त पगाराच्या कागदावर. एरवी वॉचमनपासून मॅडमपर्यंत सगळे त्यांना 'समजा सर' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं. समजा, लिफ्ट मधेच बंद पडली. समजा, पंखा निखळला. समजा, भाकरीत खडा निघाला. कँटीनमध्ये ते शेंगाचटणी ताटलीत पसरून चमच्यानं तपासतात, मगच तोंडात घालतात. गाडी लावून दवाखान्याच्या दारापर्यंत येताना हेल्मेट डोक्यावरच असतं, कारण वाटेत नारळाचं झाड आहे. त्या झाडाला आजवर नारळ लागलेला कुणी बघितला नाही.

"सर, ते झाड वांझ आहे," वॉचमन म्हणाला.

"आजपोतर," सर म्हणाले.

हसायला सगळे हसायचे. पण सरांच्या हाताखाली बाई गेली की मोठ्या मॅडम निर्धास्त असायच्या, हेही तितकंच खरं. ऑक्सिजनचं नळकांडं भरलेलं आहे असं कुणी सांगितलं तरी सर स्वतः बघणार, आणि बघून झाल्यावर कान लावून ऐकणार.

आता मुद्द्यावर येते. सिझर होताना दुखत नाही, कारण कमरेखालचं अंग बधिर असतं. खरं दुखणं सुरू होतं ते संध्याकाळी, भूल उतरल्यावर. टाके ओढतात. हसवत नाही, खोकवत नाही, कुशीवर वळवत नाही आणि बाळ तर भुकेनं रडत असतं. यावर सर ब्लॉक देतात. ऑपरेशन संपलं की सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, लांब सुईनं, पोटाच्या भिंतीत औषध सोडायचं, म्हणजे टाक्यांकडून निघालेली कळ मेंदूपर्यंत पोचतच नाही. याचे दोन प्रकार. एक पोटाच्या बाजूनं द्यायचा. दुसरा मागून, कमरेच्या स्नायूपाशी. यातला जास्त चांगला कोणता, हा सरांच्या डोक्यातला भुंगा.

बायकांना ते हे चादरींवरून समजावतात. सोलापुरात चादर सगळ्यांना कळते. "पोट म्हंजे काय? एकावर एक टाकलेल्या चादरी. दुखन्याच्या तारा दोन चादरींच्या मधनं जातात. औषध तिथं सोडायचं. आता बाजूनं सोडावं, का मागं जिथं घडी पडते तिथं सोडावं, एवढाच प्रश्न हाय. तुमी परवानगी दिली तर बघू." बायका परवानगी द्यायच्या. कुणाला कोणता द्यायचा हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. मग सर पोटाला दोन्ही बाजूंना आणि कमरेलाही दोन्ही बाजूंना अशा चार पट्ट्या चिकटवायचे, टोचलेलं असो नसो. ज्यानं टोचलं त्यानं दुखणं विचारायचं नाही आणि जो विचारणार त्याला कुठं टोचलं ते कळायला नको, हा नियम. विचारणारी मी, म्हणून ब्लॉक देताना मी बाहेर.

चार पट्ट्या बघून सासवा खवळायच्या. "पोरगी हाय का गोधडी? किती टोचलंय वो!" त्यांची समजूत काढणंही माझ्याकडंच.

"शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?" हे मी रोज विचारायचे. पुस्तकात फार सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात एक बाई हसून म्हणाली, "दहा!" मी धावत जाऊन इंजेक्शन भरलं. ती घाबरली. "आता आनि कशाला? डाक्टर चांगलं हायत म्हनून मी धाच्या धा मार्क दिलं की." एक वयस्क मावशी लेकीच्या वतीनं म्हणाल्या, "रुपायात बारा आणे." ते तरी हिशेबात बसवता आलं.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. सगळ्यांचा आकडा शून्य येऊ लागला. पोटातून दिलेला असो, कमरेतून दिलेला असो, शून्य. मी खूश होते. सर घाबरले.

"समजा, ह्या खोटं बोलत असतील तर?"

"कशाला बोलतील सर? दुखतंय तर सांगतील की."

"मग ती कोपऱ्यातली बाई कूस का बदलत न्हाय? बोटं बगा तिची."

मी बघितली. तिनं पायाची बोटं आत मुडपून घट्ट धरली होती. तोंडानं हसत होती. खाटेशेजारी तिची सासू बसली होती आणि दुसऱ्या सासूला सांगत होती, "आमी दुसऱ्या दिवशी पानी शेंदत हुतो. आताच्या पोरीस्नी जरा टाका पडला की झालं." सासू चहाला खाली उतरली तशी मी बाईजवळ गेले. "ताई, खरं सांगा. किती?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सात," ती म्हणाली. "त्यास्नी सांगू नगा."

तेव्हापासून नवीन पद्धत सुरू झाली. आकडा विचारायचा तर आधी सासूला वॉर्डाबाहेर काढायचं. आई असली तरी काढायचं, नवरा असला तरीही. "आजी, खाली बोलावलंय." "मावशी, बाळाची टोपी राहिली का घरी?" मी थापा मारण्यात पटाईत झाले. सासवा बाहेर गेल्या की वॉर्डातले शून्य भराभर वर चढायचे, आणि सर लांब दारापाशी उभे राहून प्रत्येक आकड्याला आपल्यालाच चिमटा काढल्यासारखं तोंड करायचे.

मग माझी पाळी आली.

सातव्या महिन्यानंतरही बाळानं डोकं खाली घेतलं नाही. पाय खाली, डोकं वर. पायाळू. सासरी मोठा आनंद झाला. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेतली उसण जाते, असं आमच्याकडं मानतात, म्हणून गल्लीतल्या दोघा-तिघांनी आत्तापासूनच नंबर लावून ठेवला. माझा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्या कामगारांनीही निरोप पाठवले. पण सिझर करावं लागणार म्हटल्यावर गल्लीत वाद पेटला. पोटातनं वरच्यावर काढलेलं पोर पायाळू धरायचं का नाही?

ते वाद घालत होते आणि मी घाबरले होते. आजवर किती बायकांचे खांदे धरून मी म्हटलं असेल, "काही होत नाही, ताई." आता रात्री कुशीवर पडलं की पाठीच्या मणक्यांवरून कुणी तरी बोट फिरवतंय असं वाटायचं. पुस्तकात जे जे लहान अक्षरांत छापलेलं असतं ते सगळं पाठ होतं. पण सुईपेक्षाही एका गोष्टीची भीती मोठी होती. माझ्या वहिनीचं सिझर दुसरीकडं झालं होतं. तिला उठून बसता येईना. बाळ रडायचं आणि ती नुसती हात पुढं करायची. तिच्यादेखत माझीच आई शेजारणीला म्हणाली, "हल्लीच्या पोरी लई नाजूक." वहिनी हसली. मला ते हसू दिसायचं. माझंही तसंच झालं तर? बाळ रडेल आणि मला वळता येणार नाही?

हे मी कुणाला सांगितलं नाही. शिकलेली ना मी.

सरांना न सांगताच कळलं असावं. ते रोज मला गाठायचे. "पाय सुजले का? डोकं दुखतंय का? बाळ फिरतंय न्हवं?"

"सर, मी सिस्टर आहे. काही झालं तर कळेल मला."

"म्हनून तर तुमाला इचारतो. तुमी खरं सांगता." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या लेकीचीबी तारीख तुमच्याच आसपास हाय. बेंगळुरूला. तिचंबी सिझर ठरलंय."

"मग तिला विचारा की."

"इचारतो की. मस्त हाय म्हनती."

मला तेव्हा ते फार गोड वाटलं. सरांच्या बाईसाहेबही लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेल्या होत्या, सर एकटेच होते, म्हणून तर कँटीनची भाकरी तपासत बसायचे. तुम्ही कधी जाणार, असं मी विचारलं, तर त्यांनी चटणीतला एक दाणा बाजूला काढला आणि म्हणाले, "बगू."

मी त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. एक, माझ्यासमोर ते भीतीचं वाक्य म्हणायचं नाही. दोन, मलाही त्या तुलनेत धरायचं.

"पैलं मान्य. दुसरं न्हाय."

"का?"

"तुमी घरच्या. तुमचा आकडा खोटा येनार."

मला राग आला. "मी खोटं बोलेन? मी? सर, मी या वॉर्डात खरं वदवून घ्यायला बसलेय."

"समजा..." सर म्हणाले आणि नळकांड्याला कान लावायला निघून गेले.

मला ब्लॉक मिळणार होता, पण चिठ्ठीवर नाही. सर स्वतः ठरवून देणार होते. ही बातमी फुटली आणि सगळ्या दवाखान्याला एकच उत्सुकता लागली. सर मनातून कोणता चांगला मानतात ते आता कळणार! मॅडमही मला हळूच म्हणाल्या, "कुठं टोचलं ते लक्षात ठेव गं."

ऑपरेशनच्या सकाळी मी टेबलावर पाठ वाकवून बसले. माझे खांदे दुसऱ्या सिस्टरनं धरले. किती गार असतो तो एसी, मला माहीत नव्हतं. मागं सर होते. दिल्या शब्दाप्रमाणं ते गप्प होते. पण त्या गप्प बसण्यानंच माझे दात वाजायला लागले. काय झालं? का बोलत नाहीत? काही दिसलं का?

"सर, काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? तुमीच बंदी घातली की."

"उठवली बंदी!"

"मग ऐका. मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतीय. हलू नगा."

एक मुंगी चावल्यासारखं झालं. पाय कोमट झाले, जड झाले, माझे राहिले नाहीत. थोड्या वेळानं पडद्यापलीकडून एक बारीक, रागीट रडणं ऐकू आलं. मुलगी. पाय आधी बाहेर आल्याचं मॅडमनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, गल्लीचा वाद मिटावा म्हणून. शेवटी सरांनी ब्लॉक दिला. कुठं दिला ते कळायला मला अंगच नव्हतं. शुद्धीत राहूनही काही कळलं नाही. चार पट्ट्या मात्र चिकटवलेल्या होत्या. कोणता दिला ते सरांनी आजवर सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाय परत आले. टाक्यांची कळ ब्लॉकनं बरीच दाबली होती, हे खरं. पण बाळ छातीला लावलं की आतून पोट असं पिळवटायचं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ते दुखणं चादरींच्याही आतलं, ब्लॉकच्या हाताला न लागणारं. मीच बायकांना हे सांगत आले होते. शेजारच्या स्टुलावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. अक्कलकोटच्या पलीकडच्या, निम्मं आयुष्य कानडीत काढलेल्या, पाच बाळंतपणं घरातच झालेल्या. नातीला मांडीवर घेऊन त्या टक लावून बघत होत्या.

सर आले. घरी जायच्या आधी, हातात हेल्मेट घेऊन, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आत्याबाईंना बाहेर जा म्हणाले नाहीत. मला विचारलं, "किती?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर आलं, "शून्य."

सरांनी पांघरुणाबाहेर आलेल्या माझ्या पायांकडं बघितलं. बोटं मुडपलेली होती. मी ती सरळ करायला गेले तर कळ पोटातून मानेपर्यंत गेली. आत्याबाई मला कधी वावगं बोललेल्या नव्हत्या. तरी त्यांच्यासमोर 'दुखतंय' म्हणवेना. पदवी चौकटीत, आणि मी वहिनीसारखी हसत होते.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सर फोन कधी कानाला लावत नाहीत. समजा, किरणं मेंदूत गेली. ते स्पीकर लावून तो ताटलीसारखा समोर धरतात आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू येतं.

"पप्पा, जेवलात?" लेक होती.

"तुझं सांग. किती?"

"शून्य. परवा झालं ना ऑपरेशन, आता एकदम मस्त आहे मी."

"ताप? टाके बघितले का? पायाला सूज? समजा, रक्त..."

"पप्पा, ठेवते हं. बाळ उठलंय."

फोन बंद झाला. सर त्याच्याकडं बघत राहिले. आत्याबाईंनी बाळावरची नजर उचलली.

"लेक व्हय?"

"व्हय."

"परवा शिझर झालंय, आनि तुमी हितं काय करताय वो डाक्टर?"

सरांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मग त्यांचं मराठी थोडं अडखळलं, आत्याबाईंना ते कानडीतलं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणाले. "तिनं येऊ नका म्हनलंय, अव्वा. म्हनली, पप्पा, तुमी लई घाबरता. तुमी आलात की मीपन घाबरते. आई असू दे, तुमी नको." जरा हसले. "खरं हाय तिचं. मी गेलो असतो तर त्या डॉक्टरांस्नी काम करू दिलं नसतं. हितं निदान..." त्यांनी हातानं वॉर्ड दाखवला.

रोज संध्याकाळी हा माणूस वॉर्डाच्या दारापाशी का उभा राहायचा, ते मला त्या हातानं सांगितलं.

"लावा परत," आत्याबाई म्हणाल्या.

"क्काय?"

"फोन लावा. द्या हिकडं. आनि तुमी तोंड मिटून बसा."

सरांनी लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. सुई धरलेला त्यांचा हात मी कधी चुकताना बघितला नव्हता. आत्याबाईंनी बाळ माझ्या कुशीत सरकवलं आणि फोन घेऊन कानडीत सुरू केलं. मी सोलापुरातनं बोलतीय, तुझ्या पप्पांच्या दवाखान्यातनं, माझ्या सुनेचंबी आजच झालंय. पप्पांना मी भाईर घालवलंय. आता खरं सांग. "नोवु ऐतेनव्वा?" दुखतंय का गं बाई?

पलीकडून बारीक आवाज आला. "भाळ ऐत्रि, अव्वा." लई हाय. आणि ती पोरगी रडायलाच लागली. उठवत नाही, म्हणाली. बाळाला घेता येत नाही. सासूबाई रोज चालायला लावतात, चांगल्या आहेत, पण त्यांना कसं सांगू. नर्स विचारते तेव्हा सगळे भोवती असतात. आईला सांगितलं की आई रडते.

"मग बापाला तरी सांगायचं," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो तर ह्याचाच डाक्टर."

"नको, नको! तुम्ही पण सांगू नका, अव्वा. रात्रभर झोपणार नाहीत ते. तिकडं एकटे आहेत."

आत्याबाईंनी समोर बघितलं. सर भिंतीला टेकले होते. हेल्मेट पोटाशी धरलेलं, डोळे मिटलेले.

"न्हाय सांगत," आत्याबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ."

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. आवाज तोच, फक्त मराठीत. "आनि तू गं? शिकल्याली ना तू? किती?"

"सात," मी म्हटलं. "आठ."

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "माझं पाच येळा धा हुतं," त्या म्हणाल्या. "कोन इचारतंय तवा."

सरांनी मला औषध द्यायला सांगितलं, डोस दोनदा तपासला आणि बाहेर गेले. दार लोटलेलं होतं. बेंगळुरूच्या त्या दवाखान्यातल्या भुलीच्या डॉक्टरांशी ते इंग्रजीतून बोलत होते. मी इतकी वर्षं त्यांचं बोलणं ऐकतेय. त्या फोनवर एकदाही 'समजा' नव्हतं. तिला कोणता ब्लॉक दिला, कधी दिला, आता त्याच्यावर काय चालू आहे, काय वाढवता येईल, सगळं नेमकं. शेवटी म्हणाले, तिला एकटीला विचारा, खोलीत दुसरं कुणी नको. आणि मी फोन केला होता हे कृपा करून तिला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उशीला टेकून बसले होते. मुलगी पीत होती. कळ होती, पण मी ती आकड्यानिशी सांगत होते आणि आत्याबाई ती नर्सला माझ्याआधी सांगत होत्या. सर आले. मला विचारलं, मी "तीन" म्हटलं, त्यांनी पायांकडं न बघताच मान हलवली. मग तिथंच घोटाळत राहिले.

"अव्वा," शेवटी म्हणाले, "आजबी इचारता का तिला?"

"लावा की."

सरांनी नंबर लावला, फोन आत्याबाईंच्या हातात दिला आणि कुणी काही सांगायच्या आत स्वतःच वॉर्डाबाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं. ते दार कधी नीट बसत नाही. फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. व्हरांड्यात भिंतीकडेनं बायका बसल्या होत्या, डबे आणि दुपटी घेऊन. त्या दिवशी मात्र त्यांना बाहेर काढणारी मी नव्हते. त्यांच्यातली एक बाई नवीन असावी, सरांना ओळखत नव्हती. तिनं पिशवी उचलून शेजारी जागा केली. सर बसले.

आत्याबाई फोनमध्ये हळू आवाजात बोलत होत्या.

"तुमचं कोन हाय आत?" बाहेरच्या बाईनं विचारलं.

"लेक," सर म्हणाले.